पान सत्तेचाळीस

पहिल्याच दिवशी एल्स्पेथला सांगितलं होतं :
वहीत शाईनंच लिही. रबर नाही, पांढरा रंग नाही.
चुकलं तर एकच रेघ, आडवी,
खालचं वाचता आलं पाहिजे.
मला ही शिस्त सांगलीच्या कॉलेजात लागली,
छडी न खाता, पण जवळजवळ.

डंडीत डिसेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
टे नदीच्या पुलावरून गाडी जाते,
फ्यूमहूडच्या काचेत तिचे डबे एकेक करून उजळतात,
आणि आमच्या फ्लास्कच्या तळाशी, सोळाव्यांदा,
तेल.
पिवळं, चिकट, हट्टी.
स्फटिक औषधालासुद्धा नाही.

मी म्हणाले, बर्फात ठेव.
इफेओमा वर्णपट पाहून म्हणाली, रेणू आपलाच आहे,
फक्त बसायला तयार नाही.
गेडीजनं तडकलेली नळी ज्योतीवर जोडून दिली, शिट्टी वाजवत.
(हा माणूस कुठल्याच पेपरात नसतो.)
मी म्हणाले, बर्फ वाढव.

शुक्रवारी सगळे गेल्यावर वही तपासायला घेतली.
पान सत्तेचाळीस. एक ओळ खोडलेली,
एकाच रेघेनं, पट्टी लावून, मी शिकवलं तशी.
तिच्या भाषेत तू आणि तुम्ही एकच.
मीच मनात मराठी करून पाहिलं.
आधी : वैजयंतीबाई घाई करताहेत.
मग : वैजयंती घाई करतेय.
दुसरं जास्त लागलं.

दूध कोमट हवं, भांडं फडक्यात गुंडाळायचं,
रात्रभर हलवायचं नाही,
दह्याचं एवढं तर मला आठव्या वर्षी कळत होतं.
पीएच.डी.त कुठे सांडलं कोण जाणे.

खुर्चीवर एल्स्पेथचा लोकरी मफलर राहिला होता.
फ्लास्क पुन्हा तापवला, मफलरात गुंडाळला,
सुरक्षेचा बारावा नियम मोडला
(तोही मीच भिंतीवर लावलेला)
आणि दिवा मालवून घरी गेले.

सोमवारी मुद्दाम उशिरा पोचले.
तिघं फ्लास्कभोवती वाकलेली. गेडीज शिट्टी विसरलेला.
सुया. बारीक, पांढऱ्या, तळापासून मानेपर्यंत,
कुणी मोठ्यानं बोललं तर मोडतील अशा.
एल्स्पेथ हळूच म्हणाली,
माझा मफलर कुणी घेतला?

द्रवणांक एकशे बेचाळीस. नेमका.

मग मी पान सत्तेचाळीस उघडलं,
खोडलेल्या ओळीखाली शाईनं लिहिलं :
ही ओळ खोडू नये.
तारीख, सही.

पेपरावर कुणाचं नाव आधी, यावर अजून भांडतोय.
गेडीजला मात्र स्पेलिंग विचारून घेतलंय.
डी दोनदा येतो.