दीड घोडा

लेडव्हिल, कोलोराडो. दहा हजार फूट.
इथं पाणी घाईनं उकळतं, घेवडा मात्र शिजत नाही,
आणि इंजिनाला हवा अपुरी, पेट्रोल जास्त.

मारिसेलानं प्लग काढून बापाला नेऊन दाखवला.
काजळी, कंदिलाच्या काचेवर धरते तशी.
"खातंय खूप, अंगी लागत नाही,"
एल्फेगो ट्रुहियो दारातूनच म्हणाला.
आत यायला त्याला बंदी: नाकात नळी,
पायाशी ऑक्सिजनची टाकी,
अन् गॅरेजभर पेट्रोलचा वास.

एटीव्हीची मागची चाकं रोलरवर, पट्टे आवळलेले.
पहिली धाव: एकवीस पूर्णांक आठ.
मग कार्ब्युरेटर उघडला,
एकशे चाळीसचा जेट काढून एकशे बत्तीसचा बसवला,
पितळेचा, मक्याच्या दाण्याएवढा.
सुई एक खाच खाली.

दुसरी धाव: तेवीस पूर्णांक तीन.
"दीड घोडा वाढला, पपा!"
"अर्धा कुठला, पुढचा की मागचा?"
हसता हसता खोकला तो, बराच वेळ.
खाणीतली चाळीस वर्षं एकदम वर आली.

पडद्यावर प्रश्न उमटला:
आकडा समुद्रसपाटीला दुरुस्त करू?
तिनं बटण दाबलं. बत्तीस पूर्णांक सहा.
ती खूश.

"पूस ते," तो म्हणाला.
"डॉक्टरकडेही असाच तक्ता आहे,
माझ्या वयाला किती श्वास हवा त्याचा.
आपण काय समुद्रावर राहतो?"

तिनं खडूनं भिंतीवर लिहिलं, २३.३,
आणि तारीख.
त्यानं टाकीची चावी पाव फेरा फिरवली,
ऐकलं,
किंचित मागे घेतली.