विसार

शुक्रवारी म्हापशात चोरिसांच्या माळा संपतात
आणि गंजल्या कुलुपांचे ढीग सुरू होतात, तिथे
बोनिफास बसतो गोणपाट अंथरून.
आज गोणपाटावर एक चपटी वस्तू,
चष्म्याच्या घराएवढी, कोपऱ्यांना कातडं सोललेलं.
त्यानं दोन बोटांनी वर ओढली
तर छत्री उघडावी तशी उभी राहिली
आणि माझ्याकडे एका डोळ्यानं बघू लागली.

"म्हज्या बापोलयाचो," म्हणाला. काका तारवटी होता,
बोटीवरून दर खेपेला काहीतरी आणायचा.
चार हजार. मला साडेतीन.

चालतो का?
"पळय मगो तूंच."
पण पाहणार कसं? याची बॅटरी फिल्मच्या डब्यात असते.
डबा नाही तर जीव नाही.
डबा परगावाहून मागवायचा, बावीसशे रुपये, आत फोटो आठ.
म्हणजे चालतो की नाही हे कळायला
आधी घ्यायचा, मग वर बावीसशे घालायचे.
माझं लग्नही असंच ठरलं होतं, पण ते असो.

भागाकार तिथेच केला, माशांच्या पावतीच्या पाठीवर:
पावणेतीनशेला एक चौकोन.
शिवाय डबा थंडाव्यात ठेवा, फोटो बाहेर आला की
हलवू नका, पालथा घाला, थांबा.
आमच्या फ्रीजमध्ये आधीच सुंगटं आणि सासूबाईंचं इन्सुलिन.

दार उघडून पाहिलं. रुळांवर वाळलेलं रसायन,
जुन्या मलमासारखं. नखानं निघालं.
भिंग उजेडाला धरलं: कडेला बुरशीचा धागा,
फाटे फुटलेला.
हे मात्र मला वाचता येतं.
सव्वीस वर्षं इस्पितळात एक्स-रे काढते मी.
खाणीची धूळ बसलेली फुप्फुसं,
काजूवरून पडलेल्यांची मनगटं,
एका पोरानं गिळलेलं शर्टाचं बटण,
बरगड्यांमागे, चारी भोकांसकट.
चेहरा एकाचाही नाही. चेहरा लागतच नाही आमच्यात.

पूर्वी काळोखी खोली होती. लाल दिवा,
क्लिपांना टांगलेल्या फिल्म, टप टप,
तो आंबट वास केसांतून घरी यायचा.
पाण्यातून माणसाचं आतलं हळूहळू वर यायचं
आणि ते येईपर्यंत मला कोणी हाक मारत नसे.
त्या खोलीत आता खोकी आहेत.
कळ दाबली की पडद्यावर हाड.
थांबणं गेलं.
ते इथं साडेतीन हजारांना मिळतंय का?

आणि आठ फोटो कोणाचे?
एक उमाकांतचा, झोपलेला असताना,
जागेपणी तो तोंड वाकडं करतो.
एक सासूबाईंचा, त्या नको म्हणतील.
मुलगी ऑकलंडहून स्वतःचे स्वतःच पाठवते, दिवसाला चार.
पुढे सुचेना.
साडेतीन हजारांत हेही कळलं
की आपल्याकडे आठ माणसं भरत नाहीत.

बोनिफास सुटे मोजत होता.
मी रिकामा कॅमेरा डोळ्याला लावला, उगाच,
तर तो सावरून बसला. टोपी मांडीखाली,
कॉलर सरळ, पुढचे दोन दात नाहीत म्हणून
ओठ मिटून घेतले
आणि श्वास धरला.
शेजारची लिंबंवालीही थांबली, मूठ भरलेली तशीच.
मी बटण दाबलं. आत गेलं, बाहेर आलं. बाकी काही नाही.
"आयलो?" त्यानं ओठ न हलवता विचारलं.
माझ्या तोंडून सवयीनं गेलं:
सोडा आता श्वास.

पाचशे दिले, विसार म्हणून.
बाकीचे पुढच्या शुक्रवारी, नाहीतर विसार बुडाला.
कॅमेरा त्याच्याकडेच, मिटलेला.

घरी येऊन सुंगटांचा डबा वरच्या कप्प्यात सरकवला.
इन्सुलिनच्या बाजूला
एका डब्यापुरती जागा होते.
बघून ठेवली.