वखारीतलं नाक

निपाणी, डिसेंबर, गच्चीवर चटई.
होबार्टहून तीन बाटल्या आणल्या मी
स्वेटरांत गुंडाळून, मधे मोज्यांचे गोळे कोंबून.
काचेचे पेले घरात दोनच,
म्हणून इराप्पाकाकांना स्टीलचा,
आणि चंपाक्का आपली वाटी घेऊनच वर आली.

माझे बाबा, सिद्राम पट्टणकुडे,
एकेचाळीस वर्षं वखारीत तंबाखूचं पान हुंगत होते.
व्यापारी भाव बोलायचे ते त्यांच्या नाकाकडे बघून.
वखारीचं आता मंगल कार्यालय झालंय,
अक्षता पडताना तिथे
अजून एखाद्या पाहुण्याला शिंक येते.

वही उघडली. रंग, वास, चव, शेवट.
"आधी पेला हलवायचा, मग नाक आत,"
हे मी बाबांना शिकवत होते.

पहिली रिसलिंग.
मी लिहिलं: हिरवं सफरचंद, लिंबाची साल.
बाबा म्हणाले, "कैरी न्हवं. कैरीच्या देठाचा चीक."
इराप्पाकाकांनी एक डोळा मिटला, "हुळी ऐत्रि."
मी सांगितलं, तिकडे गारठा फार,
द्राक्ष घाईनं पिकत नाही,
हातचा आंबटपणा सोडत नाही.
"मग टिकंल," बाबा म्हणाले,
"अथणीकडची पळत पळत गोड होत्यात
आन् बेदाणा होऊन बसत्यात."

दुसरी पिनो, फिकट लाल, पेल्यातून बोटं दिसणारी.
बाबा बराच वेळ गप्प.
"खानापूरच्या रानात करवंदीच्या जाळीखाली हात घाल.
नखात जी माती ऱ्हाती, ती."
वहीत मीही लिहिलं होतं: रानातली जमीन.
कुठलं रान, हे लिहायला तक्त्यात जागा नव्हती.
चंपाक्कानं वास घेतलाच नाही.
जन्मभर विड्या वळलेली बाई,
घोट जिभेवर धरून पान चाचपावं तसा चाचपला.
"पातळ हाय. पण फाटत न्हाई."
याला आमच्याकडे पाच शब्द आहेत,
पाचांत मिळून एवढं नाही.

मधोमध पिकदाणी, घरचीच, पितळी.
मी घोळवून थुंकत होते, रीतसर.
बाबा हसले. "आयुष्यभर थुकलो मी, पोरी.
हे इमानातनं आलंय."
आणि गिळला त्यांनी प्रत्येक घोट.

तिसरीला लेबल नव्हतं.
ती आमच्याच तळघरातली. तीन उन्हाळ्यांमागे
डोंगरापलीकडे अकरा दिवस आग होती,
वेलींवर तेव्हा घड धरलेले.
प्रयोगशाळेचा कागद म्हणतो: मर्यादेच्या आत.
मी शंभरात एक्याण्णव दिलेले. खाली सही.

बाबांनी हुंगलं. काही नाही.
घोट घेतला. काही नाही.
मी थुंकले. त्यांनी गिळला.
तवंदी घाटात एका ट्रकनं गिअर बदलला,
मग मागच्या ट्रकनं.
हरवलेली किल्ली शोधावी तशी
त्यांची जीभ टाळूवर फिरत राहिली.

"जळलंय."
काय?
"पान न्हवं. रान. मागनं येतंय, गिळल्यावर."

द्राक्ष धूर साखरेच्या गाठीत बांधून ठेवतं,
आणि तोंडातली लाळ ती गाठ हळूहळू सोडते.
पुस्तकात वाचलं होतं मी हे,
परीक्षेतही लिहिलं होतं.
आणि दर वेळी थुंकले होते.

"किती दिलंस हिला?"
मी वहीवर हात ठेवला.
त्यांनी हाताकडे पाहिलं, वहीकडे नाही.
"एकदा भिजका माल पास केलेला मीबी.
दोन गाड्या." थांबले.
"जयसिंगपूरला गेला."
पुढचं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
चंपाक्का वाटी धुवायला खाली गेली.

इराप्पाकाकांनी बाटली उचलली,
उरलीसुरली सगळी स्टीलच्या पेल्यात ओतली,
मफलर कानांवर ओढला.
"थंडीगे चलो ऐत्रि," म्हणाले.