चाळीस सेंटिमीटर

लोकर कातरायच्या शेडमध्ये
आम्ही जमिनीवर खडूने घर आखलं.
मेंढ्यांच्या अंगच्या तुपाने काळ्या पडलेल्या फळ्या,
खडू धड उमटेना,
तरी मर्डो गुडघे टेकून रेघा ओढत राहिला.
इथे शेगडी. इथे पाण्याची टाकी.
इथे आपण दोघं, आडवे.
आणि पार मागच्या टोकाला एक अरुंद फळी,
केरियामा आलाच तर.

तीस वर्षं मी कातरणाऱ्यांच्या टोळीबरोबर हिंडले,
दुसऱ्यांच्या चुलींवर मटण रांधलं,
दुसऱ्यांच्या पाठींनी खड्डा पाडलेल्या गाद्यांवर निजले.
आता छप्पर हवं होतं स्वतःचं
आणि त्याच्याखाली सहा चाकं.

ट्रक सापडला होक्काइदोत.
हौदा काढलेला, नुसता सांगाडा, इंजिन आणि केबिन.
अकरा फोटो. एकात बाजूला उभे मालक कुरोइवा,
वय एक्क्याऐंशी, हात चाकावर,
गाईच्या पाठीवर ठेवावा तसा.
माझा मामा म्हणाला, फोटो बघून घोडासुद्धा घेऊ नये.
मर्डो म्हणाला, गंज कमी आहे, गिअर चारही चाकांना,
किंमत आपल्या ऐपतीतली.
आखूडशिंगी, बहुदुधी.
बँकेतल्या मुलीने दोनदा विचारलं,
नक्की पाठवायचे ना एवढे पैसे?

जहाज एकेचाळीस दिवस.
मी रोज सकाळी नकाशावर ठिपका बघायची.
आपलं घर समुद्रावर आहे,
अजून त्याला भिंती नाहीत,
आणि मला मात्र ओल येईल याची काळजी.

लिटलटनच्या धक्क्यावर तपासनीस बाई
पाठीवर झोपून सरकली त्याच्या पोटाखाली,
एका हातात बॅटरी, एका हातात दांड्याचा आरसा.
पट्टीने खरवडून काढली तिने
पोलादाच्या कोनाड्यांतली माती.
बिटाच्या शेतातली. चिकट, जवळजवळ जांभळी.
आणि सात दाणे, कसले कोण जाणे.
परक्या मातीला इथे उतरता येत नाही, ती म्हणाली.
दाणे पिशवीत, पिशवी भट्टीत,
धुण्याचं बिल आमच्या नावावर.
वाफेच्या फवाऱ्याखाली एका माणसाचे
किती वसंत गटारात गेले,
ते बिलात लिहिलेलं नव्हतं.

मग मर्डोने टेप लावली.
पुन्हा लावली.
तिसऱ्यांदा मला धरायला सांगितलं दुसरं टोक.
कागदावर होता त्याहून सांगाडा
चाळीस सेंटिमीटर कमी.
आखूडशिंगी मागितला होता,
आला आखूडशेपटी.

कुरोइवांचं उत्तर नातीने इंग्रजीत करून पाठवलं.
आजोबा लाजले आहेत, तिने लिहिलं,
सांगायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही,
इतकी जुनी गोष्ट.
बर्फ छातीपर्यंत चढायचा.
ट्रकचं शेपूट गोठ्याबाहेर राहायचं,
दार लागायचं नाही.
एका हिवाळ्याआधी आजोबांनी स्वतःच कापलं ते,
करवतीने, दोन दिवस लागले,
म्हणजे त्याला रात्रभर आत निजता यावं.
किती पैसे परत करू, विचारताहेत.

मर्डोने पत्र दोनदा वाचलं,
घडी घालून खिशात ठेवलं,
आणि सांगाड्याखाली जाऊन बसला.
कापलेलं टोक मी बोटांनी चाचपलं.
कानस मारून गुळगुळीत केलेलं,
कोणाला लागू नये म्हणून.

पैसे नकोत, असं कळवलं.

शेगडी हलवता येत नव्हती.
टाकी तर नाहीच.
आमची गादी आधीच अर्ध्या माणसाने तोकडी.
दोघांनाही ठाऊक होतं काय जाणार,
म्हणून दोघं बराच वेळ
खिडक्यांबद्दल बोललो.

केरियामा पर्थच्या पलीकडे लोखंडाच्या खाणीत असतो.
चार ख्रिसमस झाले.
फोन करतो, मागे यंत्रं ओरडत असतात,
त्यात 'पुढच्या वर्षी' एवढंच नीट ऐकू येतं.

मर्डो वेल्डिंगचा चष्मा पुसत म्हणाला,
जेवायचं टेबल खाली पाडलं, वर गादी टाकली,
तर एकजण मावतो.
पाय दुमडून.

दुमडेल, मी म्हटलं.
लहानपणी दुमडूनच झोपायचा.

शेडमधला खडू मी अजून पुसला नाही.
मेंढ्या येतील नोव्हेंबरात,
त्यांच्या खुरांनी जाईल तेव्हा जाईल.