आवाज आला की बोट वर करा

जेवणाच्या सुट्टीत मी फोनवर एक थाई मालिका बघते,
आवाज बंद करून. कामाचीच सवय,
ओठ बघायचे, खालच्या ओळी वाचायच्या.
महिनाभर अकराव्या भागावर अडकलेय.
लहानपणी कालव्याकाठी ताटातूट झालेली ती दोघं
बँकॉकच्या एका लिफ्टमध्ये समोरासमोर आलीत,
तिच्या मनगटाला तोच लाल दोरा,
आणि लिफ्ट बंद पडलीय.
पुढचं मी मुद्दाम बघत नाही.

मिरजेत, दवाखान्यांच्या बोळात, आमचं श्रवण केंद्र.
एक यंत्र, आणि आतून गादी ठोकलेली काचेची खोली.
मंगळवारी दुपारी फॉर्म आला:
भरतेश आडमुठे. वय छत्तीस.
धंदा यंत्रमाग, इचलकरंजी, एकोणीस वर्षं.
मूळ गाव हरिपूर.
सोबत कोण, हा रकाना कोरा.

हरिपूरला आमच्या घरामागं हळदीची पेवं होती.
जमिनीच्या पोटात रांजणासारख्या खोल्या,
तोंड एवढंसं, माणूस कसाबसा उतरेल असं.
रिकाम्या पेवात आधी कंदील सोडायचे.
विझला तर आत जायचं नाही.
भरतेश पालथा पडून तोंड आत घालायचा
आणि ओरडायचा, "तिशी!"
खालून हळदीच्या वासाचं उत्तर यायचं,
तिशी... शी... ई...
त्रिशला एवढं लांब नाव त्याला कधी परवडलंच नाही.
आता तिशी उलटून गेली,
तरी त्या पेवात मी तिशीच असेन.

मग पाच सालचा पूर.
पेवांत पाणी शिरलं, हळद कुजली,
आणि एका सकाळी त्यांच्या दारात टेम्पो.
भांडी, टेबलफॅन, एक शेळी, मागच्या फाळक्यावर तो.
काहीतरी ओरडून सांगितलं त्यानं.
टेम्पो चालू होता.
मला ऐकू आलं नाही.

काचेपलीकडं बसवलं. हेडफोन लावले.
"आवाज आला की बोट वर करा. बारीक आला तरी."
जाड आवाजांना बोट पटापट वर.
दोन हजारला जरा थांबून.
चार हजारला काहीच नाही.
मी वाढवत गेले. साठ. सत्तर.
तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसलेला,
शाळेत उत्तर येत नसलं की बघायचा, तसा.
कागदावरची रेघ तिथं एकदम खाली उतरली,
पेवात उतरावं तशी.

मग शब्दांची चाचणी.
मास्क काढायचा नाही, ओठ दिसू द्यायचे नाहीत.
"पाणी." पाणी.
"भाकर." भाकर.
"गाडी." गाडी.
पुढचा शब्द यादीत नव्हता.
"तिशी."
"तिची," तो म्हणाला.
परत म्हटलं.
"तिथी?"
श त्याच पट्टीत राहतो.
मागांनी एकोणीस वर्षं नेमकं तेवढंच खाल्लं होतं.

मालिकेत इथं व्हायोलिन आलं असतं.
इथं खाली रिक्षावाला सुट्ट्या पैशांवरून भांडत होता,
आणि भरतेश विचारत होता,
"बरोबर आलं न्हवं मॅडम? पैसे खालीच भरायचं काय?"

"थांबा. एक मशीन लावून बघू.
ट्रायलचं आहे, त्याचे पैसे नाहीत."
कानामागं अडकवताना दिसलं,
केसांत कापसाची तूस, आणि काही केस
तूस समजून मी झटकायला गेले ते.
मशीन सुरू झाल्यावर तो दचकला.
"पंखा वाजतोय," म्हणाला.
"केव्हापासनं वाजतोय ह्यो?"

मी मास्क खाली ओढला नाही.
तेवढा नियम पाळला.
फक्त खाली वाकले, तोंडाशी हात धरून,
आणि यादीत नसलेला शब्द पुन्हा म्हटला.
"ऐकलेलं परत म्हणा."
तो म्हणाला नाही.
बराच वेळ. पंखा वाजत होता.

मग त्यानं बोट वर केलं.