हुक्केरीचं काय करायचं

गंगावेशीत रात्री साडेअकरा.
म्हशीच्या पाठीवर दिव्याचा पिवळा पट्टा,
कासंडीत धार वाजतेय
आणि आम्ही पाचजण फेसाळ पेले धरून
अशा माणसावर भांडतोय
जो कधी जन्मलाच नाही.

विरुपाक्ष हुक्केरी. उंची सहा फूट एक. डावरा.
नाव संगणकानं जुळवलं.
आडनावं मात्र आम्हीच भरलेली, एका दुपारी,
उद्यमनगरात मकबूलच्या लेथमागच्या खोलीत,
एस.टी.च्या पाट्या आठवत आठवत.
अकरा हंगाम. सामन्यामागं नऊ पास.
चषक एकही नाही.
नवव्या हंगामात गुडघा गेला,
म्हणजे एक आकडा पडला,
मग दुसरा आकडा म्हणाला, सत्तर सामने बाहेर.

"चषक नाही तर मानाची भिंत नाही," इंद्रजित म्हणतो.
"तालमीत फोटो कुणाचा लागतो? गदा आणली त्याचा.
पाठ लागली त्याचा न्हाई."

मकबूल पेला आपटत नाही, नुसता ठेवतो.
"मर्दा, त्याच्या संघात हुतं कोण?
चार खांब आणि ह्यो.
खांबांना पास दिऊन नऊ काढल्यात त्यानं!"

"हरणाऱ्या संघात आकडे फुगतात," शलाका.
ती बँकेत ऑडिटला असते,
फुगलेला आकडा तिला वासावरून कळतो.

मग सातव्या हंगामाचा अंतिम सामना निघतो.
निघणारच होता.
एक गुण मागं, घड्याळात शून्य, दोन फ्री थ्रो.
शंभरात चौऱ्याऐंशी घालणारा माणूस.
तेव्हा संघ माझा होता.
पडद्यावर दोनच ओळी आल्या:
हुक्केरी चुकला.
हुक्केरी चुकला.
मी बाहेर जाऊन शेजारच्या फाउंड्रीच्या भिंतीला टेकलो.
जळक्या वाळूचा वास. भिंत अजून गरम.
राग नेमका कुणाचा येतोय
तेच कळेना.

"त्यात त्याचा काय दोष?" मी म्हणालो. "फासा पडला तसा पडला."
शलाका हसली नाही.
"मग आत गेलेत त्यांचाही फासाच.
ह्याला माफी देतोस ना?
मग त्यांचं कौतुक परत घे."

यावर कुणाकडं काही नव्हतं.
म्हशीनं शेपूट फिरवलं, रेहानच्या चष्म्यावर दोन थेंब.
पुसत पुसत तो म्हणाला,
"मी लहान होतो, पण त्याला खेळताना बघितल्यावर..."
आणि थांबला.
कोणीच काही बघितलेलं नाही.
चौदा वर्षं आम्ही फक्त तक्ते वाचतोय.

इतका वेळ खाली मान घालून धार काढणारा आण्णाप्पा
तिथूनच म्हणाला,
"पर पोरगं कुठल्या पेठंचं म्हणायचं?"

आणि चषक मागणारा इंद्रजितच आधी बोलला:
"मंगळवार."
"हॅट! बुधवार पेठ," मकबूल.
"कसबा बावडा," शलाका म्हणाली, ऑडिटच्या आवाजात,
"नदीवरून चालत यायचा सरावाला."
वीस मिनिटं त्यावरच गेली.
त्याला गल्ली मिळाली, उधारीचा किराणावाला मिळाला,
एक थोरली बहीण, सांगलीला दिलेली,
आणि गुडघ्याला हात लावून "बघू" म्हणणारा डॉक्टर.

चिठ्ठ्या दुधाच्या वहीच्या कागदाच्या.
चार मतं लागतात.
भिंतीवर आतापर्यंत सहाजण आहेत.
गेल्या वर्षी कोण गेला
ते मला आत्ता आठवावं लागलं,
आणि आठवलं तेव्हा
त्याच्याविषयी बोलण्यासारखं काही नव्हतं.

आण्णाप्पानं ओल्या बोटांनी चिठ्ठ्या उघडल्या.
तीन होय. दोन नाही.
"ऱ्हायलं की ओ पोरगं," तो म्हणाला,
"पुढच्या साली परत?"
"परत," इंद्रजित म्हणाला, जरा जास्तच पटकन.
मकबूल मला शिव्या देत होता,
म्हणजे मला नाही,
ज्यानं कुणी ती दुसरी चिठ्ठी लिहिली त्याला.

मी दुधाची मिशी पुसली
आणि पाचांचे पैसे दिले.