चौदा-ब

परळच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर,
जिथे पंखा फक्त दोनवर फिरतो,
मी डॉक्टर उल्का पाठारे यांच्या निबंधांची यादी टाइप करते आहे.
एकूण त्र्याण्णव.
बाईंच्या निवृत्तीला सोळा वर्षं झाली,
आणि संस्थेला पंचाहत्तरीच्या अंकासाठी
अचानक त्यांची आठवण आली आहे.

पहिला निबंध उंदराच्या हृदयाचा, माझ्या आधीचा.
सतरावा माझ्या चपलांचा.
सहाशे बारा पोस्टमन, आठ वर्षं,
दर जानेवारीत वजन, रक्तदाब, रक्त,
आणि एक प्रश्नावली, जिच्या कडा माझ्या घामानं मऊ व्हायच्या.
जे यायचे नाहीत त्यांच्या घरी मी जायची.
निबंधाच्या भाषेत ते 'हरवलेले'.
हरवलेलं कुणी नव्हतं.
शिर्के कणकवलीला काजू फोडत होते.
हुदलीकरांना जावयाने मिरा रोडला नेलं होतं.
मालवणकरांच्या बायकोनं दार अर्धं उघडून विचारलं,
आता कसली तपासणी?
मी फॉर्मवर तारीख लिहिली
आणि तिच्या हातचा चहा प्यायले, कारण नाही म्हणवेना.
तक्त्यात मालवणकर एकेचाळीसांपैकी एक,
तळटीपेत, चांदणीची खूण लावून.

त्याच निबंधाच्या शेवटी, मुंगीएवढ्या अक्षरांत, आभार.
नलिनी तांडेलची छापताना टंडन झाली.
मी पान दाखवायला केबिनमध्ये गेले
तेव्हा बाई हसल्या नाहीत.
अठराव्या नंबरवर दोन ओळींचं शुद्धिपत्र आहे:
पहिली ओळ एका दशांशचिन्हाची,
दुसरी माझी.
शुद्धिपत्र कुणी यादीत घालतं का, असं लोक म्हणायचे.
बाईंनी घातलं.

यादीत जे नाही, ते ससून डॉकचं.
कोळंबी सोलणाऱ्या एकशे अठ्ठावीस बायका,
पहाटे चार, बर्फाच्या पाण्यात बोटं,
बसायला पालथी टोपली.
मी विचारायची, छातीत दुखतं का?
छप्पन्न नंबर माझी आत्या. म्हणाली,
छातीला काय धाड भरलीय गो?
पाठ तेवढी भरून येते,
आणि जबडा, जसा कुणी दिवसभर धरून ठेवलाय.
प्रश्नावलीत त्याला चौकट नव्हती.
मी 'नाही'वर खूण केली. नियम तसाच होता.

नारळी पुनवेच्या आधल्या आठवड्यात आत्या गेली.
बाईंनी तिचा फॉर्म मागवला, खूप वेळ पाहिला,
आणि उरलेल्या सगळ्या फॉर्मांवर, निळ्या शाईनं, हातानं,
चौदाच्या खाली एकेक चौकट आखली.
चौदा-ब. पाठ. जबडा. कारण नसलेला थकवा.
तो निबंध तीनदा परत आला.
एकाने लिहिलं, नमुना लहान.
दुसऱ्याने, तक्रारी अस्पष्ट.
तिसऱ्याने नुसतंच धन्यवाद.

आज दुपारी बाईंचा फोन. एक्याऐंशी वय,
आवाज अजून नुकत्याच तासलेल्या पेन्सिलीसारखा.
सतराव्यात पान क्रमांक चुकलाय, नलिनी.
मी म्हटलं, बरं. मग म्हटलं, चौऱ्याण्णव घालू?
पलीकडे कुकरची शिट्टी झाली.
न छापलेलं छापलेल्यांत घालू नकोस.
आणि जरा थांबून, फॉर्म कुठेत?
माझ्या कपाटात, बाई. सगळ्यात खाली,
ओल लागू नये म्हणून साडीच्या पिशवीत.

सतरावा दुरुस्त केला.
त्र्याण्णवच्या खाली एक ओळ मोकळी ठेवली, नंबर न घालता.

काल संध्याकाळपासून भरून आलंय मागे, खांद्यांच्या मध्ये.
म्हटलं, खुर्ची.
जबड्याचं म्हटलं, दाढ असेल.
खालची ईसीजीची खोली साडेपाचला बंद होते.
सव्वापाच झालेत.
यादी उघडीच टाकून, पर्सही न घेता मी उठते,
जिन्याचा कठडा धरते.
तिथली नवी मुलगी विचारेल, छातीत दुखतं का?
काय सांगायचं
ते मला पाठ आहे.